ओपन सोर्स प्रकल्पात कॉपीराइटचं साल कसं सांभाळावं

नवं वर्ष लागलं की बऱ्याच ओपन सोर्स प्रकल्पांत एक ठरलेली पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल करण्याचा प्रस्ताव) येऊन पडते. शेकडो फाइली बदललेल्या असतात आणि प्रत्येकीत बदल एवढाच, की वरच्या कॉपीराइटच्या ओळीत जुन्या सालाच्या जागी नवं साल आलंय. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, घटकाभर विचार करतो, यात वाईट काय आहे म्हणतो आणि बदल मर्ज करून (मूळ कोडमध्ये मिसळून) टाकतो. मग ज्यांचं काम अर्धवट उघडं होतं त्यांना कॉन्फ्लिक्ट येतात, म्हणजे त्यांचे बदल नव्या कोडशी जुळत नाहीत, आणि प्रत्येक फाइलीच्या इतिहासात एक पोकळ कमिट (बदलाची नोंद) वर येऊन बसते. ज्या त्रयस्थ लायब्ररीची प्रत आपण रेपोमध्ये (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) ठेवली आहे, तिच्या लेखकाची ओळही कधीकधी त्या झपाट्यात बदलून जाते. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे आणि तीच सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

माझं म्हणणं असं आहे: कॉपीराइटच्या ओळीतलं साल ही एक नोंद आहे. ती कोणत्या गोष्टीबद्दल काय सांगते हे प्रकल्पाने एकदा ठरवावं, लिहून ठेवावं, आणि त्यानंतर त्यात माणसाचा हात जितका कमी लागेल तितकं बरं. त्यासाठी काय काय करावं लागतं ते इथे क्रमाने मांडलं आहे. नमुन्याच्या ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष फाइलीत मात्र 'कॉपीराइट' हा शब्द इंग्रजीत, रोमन अक्षरांत, आणि सालाचे आकडेही इंग्रजीत लिहावेत. जगभरचा संकेत तोच आहे आणि तपासणीची साधनंही तेवढंच ओळखतात.

आधी, ही ओळ करते काय

कॉपीराइट मिळण्यासाठी ही ओळ लिहावी लागत नाही. बर्न करार १८८६ चा. १९०८ च्या बर्लिन दुरुस्तीपासून त्याच्या सदस्य देशांत हक्क मिळण्यासाठी कोणतीही औपचारिकता लागत नाही. कोड लिहिला, फाइल सेव्ह झाली, की हक्क तयार. अमेरिका या करारात उशिरा आली. तिथे १ मार्च १९८९ पूर्वी प्रकाशित होणाऱ्या प्रतींवर ही ओळ नसेल, तर हक्क गमावण्याची वेळ येऊ शकायची. आपण आज ज्या सवयी पाळतो त्यांतल्या बऱ्याचशा त्या काळातून आलेल्या आहेत. ग्नू हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प आणि बर्कलीचं युनिक्स त्याच काळातले, आणि त्यांच्या हेडरचीच (फाइलीच्या डोक्यावरच्या मजकुराचीच) नक्कल पुढच्या पिढ्यांनी केली.

मग आज ती ओळ का लिहायची? तीन कारणं मला पटतात. पहिलं, कोड कोणाचा आहे आणि परवानगी कोणाकडे मागायची हे वाचणाऱ्याला कळतं. फाइल एकटी फिरत फिरत दुसऱ्याच प्रकल्पात पोचली तरी कळतं. दुसरं, परवान्यांच्या अटी तिच्यावर टेकलेल्या असतात. एमआयटी परवाना म्हणतो की वरची कॉपीराइटची ओळ प्रत्येक प्रतीत असली पाहिजे. बीएसडीही तेच म्हणतो. वर ओळच नसेल तर ती अट कशाला लागू होणार? तिसरं कारण अमेरिकेपुरतं आहे. तिथल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ४०१ प्रमाणे ओळ नीट असेल, तर 'मला माहीत नव्हतं' एवढ्या सबबीवर भरपाई कमी करून घेता येत नाही. नीट म्हणजे तिच्यात तीन भाग हवेत: 'कॉपीराइट' हा शब्द किंवा वर्तुळातलं सी हे चिन्ह, पहिल्या प्रकाशनाचं साल आणि हक्कधारकाचं नाव.

आता सालाबद्दलचे दोन गैरसमज. साल जुनं राहिलं म्हणून हक्क संपत नाही. बर्न कराराप्रमाणे मुदत किमान लेखकाच्या हयातीनंतर ५० वर्षं असते, आणि बऱ्याच देशांत ती ७० वर्षं आहे. अमेरिकेत नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाला प्रकाशनापासून ९५ किंवा निर्मितीपासून १२० वर्षं, यांतली जी मुदत आधी संपेल ती लागते. ओळीत २०१४ राहिलं काय किंवा २०२६ झालं काय, कोडच्या आयुष्यात त्याने काही फरक पडत नाही. आणि दुसरं, साल पुढे ढकलल्याने जुन्या कोडचा हक्क नव्याने सुरू होत नाही. नव्या सालाचा संबंध फक्त त्या वर्षी भर पडलेल्या नव्या मजकुराशी असतो.

पहिली पायरी: साल कुठे कुठे आहे ते पाहा

धोरण ठरवण्याआधी रेपो चाळा. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, त्याच्या नोंदीत असलेल्या फाइलींमध्येच 'कॉपीराइट' शब्द शोधा. गिट ग्रेप ही त्याची शोधाची आज्ञा यासाठी पुरेशी आहे. बिल्डमधून (कोडपासून प्रोग्राम बांधताना) तयार झालेला कचरा त्यात येत नाही. सापडलेल्या ओळी हक्कधारकाच्या नावाप्रमाणे एकत्र करून मोजा. ही यादी पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास काहीतरी नवं कळतं. एकाच संस्थेचं नाव चार वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेलं असतं, कुठल्याशा फाइलीत अनोळखी माणसाचं नाव असतं, आणि कुठे टेम्प्लेटमधली रिकामी जागा तशीच राहिलेली असते.

या ओळी एका जातीच्या नसतात. तुमच्या प्रकल्पाच्या स्वतःच्या ओळी असतात. योगदान देणाऱ्यांनी आपल्या नावाने घातलेल्या असतात. उचलून आणलेल्या त्रयस्थ कोडमधल्या असतात. चाचण्यांसाठी ठेवलेल्या नमुना फाइलींमधल्याही असतात, आणि त्या बदलल्या तर चाचण्या मोडतात. मग वापरणाऱ्याला दिसणारी सालं येतात: 'अबाउट' खिडकी, आवृत्ती दाखवणाऱ्या पर्यायाचा मजकूर, मॅन पेज, दस्तऐवजांचं कॉन्फिगरेशन, विंडोजच्या रिसोर्स फाइलीतलं आणि मॅकच्या इन्फो पीलिस्टमधलं कॉपीराइटचं खातं.

आणि एक जात अशी, जिला कुणीच हात लावायचा नाही: परवान्याच्या मजकुराची स्वतःची ओळ. जीपीएल या ग्नूच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या डोक्यावर १९८९, १९९१ आणि तिसऱ्या आवृत्तीच्या डोक्यावर २००७ अशी सालं आहेत, पुढे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं नाव आहे. तो त्या परवान्याच्या मजकुरावरचा हक्क आहे, तुमच्या कोडवरचा नव्हे. तिथे तुमचं नाव किंवा चालू साल टाकणं साफ चूक. अपाचे परवान्याच्या शेवटी चौकटी कंसात साल आणि नावाची रिकामी जागा असते, ती फाइलींच्या हेडरसाठी दिलेला नमुना आहे. लायसन्स फाइलीतला तो नमुना तसाच राहू द्यावा. एमआयटी आणि बीएसडीचं मात्र उलट आहे: तिथे लायसन्स फाइलीच्या वरची ओळ खरोखर तुमची असते आणि ती तुम्हीच भरायची असते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने हा फरक ओळखला नाही, तर एका कमिटमध्ये जीपीएलचं साल बदललेलं दिसतं.

दुसरी पायरी: धोरण निवडा

सगळा वाद इथेच असतो, म्हणून इथे थोडा वेळ द्यावा.

मुळातला प्रश्न असा आहे की 'कृती' कोणती मानायची. एकेक फाइल स्वतंत्र कृती मानली, तर २०१६ नंतर न बदललेल्या फाइलीत २०२६ लिहिणं चुकीची माहिती देणं ठरतं. पूर्ण पॅकेज ही एक कृती मानली, तर पॅकेजमध्ये यंदा खरी भर पडली असेल तेव्हा प्रत्येक फाइलीत यंदाचं साल घालणं समर्थनीय होतं. दोन्ही बाजूंना मोठे प्रकल्प आहेत. म्हणून 'नियम काय आहे' असं विचारून उत्तर मिळत नाही. तुमच्या प्रकल्पाने कोणती बाजू घेतली आहे हे विचारावं लागतं.

गो भाषेचा प्रकल्प फाइलीची बाजू घेतो. नवीन फाइलीत ती आली ते साल लिहायचं, आणि पुढे फाइल बदलली तरी साल बदलायचं नाही, असं त्यांच्या योगदानाच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून तिथल्या जुन्या फाइलींमध्ये अजून २००९ दिसतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

ग्नू पॅकेजची बाजू घेतं. तिथल्या मेंटेनरांसाठीच्या सूचना सांगतात की ज्या वर्षी पॅकेजमध्ये किरकोळ नसलेले बदल झाले ते प्रत्येक साल यादीत जोडा, आणि कोणती फाइल बदलली याचा हिशेब न ठेवता सगळ्याच फाइलींमध्ये जोडा, म्हणजे वर्षभराचं काम एकदाच होतं. जुनी सालं काढायची नाहीत. २००८ ते २०१० असा पट्टा लिहायचा असेल, तर दोन अटी आहेत: मधलं प्रत्येक साल यादीत स्वतंत्रपणे बसण्याच्या लायकीचं हवं, आणि आपण पट्टा या अर्थाने वापरतो असं रीडमीमध्ये लिहिलेलं हवं. पट्टे वापरणाऱ्या बहुतेक प्रकल्पांना या अटी ठाऊकही नसतात. ते पहिलं साल आणि चालू साल जोडतात, आणि मधली चार वर्षं प्रकल्प झोपलेला होता हे त्यात झाकलं जातं.

पोस्टग्रेस हा डेटाबेसचा प्रकल्प दर जानेवारीत एका स्क्रिप्टने आपला १९९६ पासूनचा पट्टा पुढे नेतो. पण त्याच फाइलींमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाची १९९४ ची ओळ असते, ती वर्षानुवर्षं तशीच आहे. साल वाढवायचंच असेल तर ते कसं वाढवावं याचं हे चांगलं उदाहरण आहे.

आणि चौथा मार्ग म्हणजे साल न लिहिणं. कर्ल या नेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याच्या साधनाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सोर्स फाइलींमधली सालं काढून टाकली. लिनक्स फाउंडेशनही आपल्या प्रकल्पांना 'कॉपीराइट अमुक प्रकल्पाचे लेखक' अशी बिनसालाची ओळ सुचवतं. कोणती ओळ कधीची हे गिटच्या इतिहासात हवं तितक्या बारकाईने मिळतं, असा त्यामागचा विचार आहे. तो बराचसा खरा आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात घ्या. टारबॉलमधून (फाइलींच्या बांधलेल्या गठ्ठ्यातून) किंवा पॅकेज मॅनेजरमधून कोड घेणाऱ्याकडे गिटचा इतिहास नसतो. आणि अमेरिकेच्या कलम ४०१ मधल्या ओळीला साल लागतं, त्यामुळे तिथे दावा करण्याची शक्यता गृहीत धरणाऱ्या कंपनीने साल काढण्याआधी वकिलाला विचारावं.

माझी शिफारस सांगायची तर, नव्याने सुरू होणाऱ्या प्रकल्पाने फाइलीत पहिलं साल लिहावं आणि गोठवावं. ते कायम खरं राहतं, पहिल्या प्रकाशनाच्या सालाची अपेक्षाही पूर्ण करतं आणि देखभाल शून्य. शेकडो फाइली आणि मेंटेनर एकटाच, अशी स्थिती असेल तर हेडरमधून साल काढून टाका आणि लायसन्स फाइलीत सुरुवातीचं साल ठेवा. दरवर्षी साल वाढवण्याचा मार्ग त्यांनीच घ्यावा ज्यांच्या संस्थेने तसं सांगितलं आहे, किंवा ज्यांच्याकडे तसं करण्याची जुनी, नीट चाललेली पद्धत आहे. चाललेली पद्धत केवळ फॅशन म्हणून मोडू नका. मोडण्यासाठीही सगळ्या फाइलींना हात लावावाच लागतो.

तिसरी पायरी: ओळ नीट लिहा

साल ठरलं तरी नावाचा प्रश्न उरतो, आणि खरं तर नाव सालापेक्षा महत्त्वाचं आहे. योगदान देणाऱ्यांनी हक्क संस्थेकडे लेखी सोपवला नसेल, तर तो त्यांच्याकडेच (किंवा त्यांच्या नोकरी देणाऱ्याकडे) राहतो. अशा प्रकल्पात एकाच संस्थेचं नाव लिहिणं वस्तुस्थितीला धरून नाही. 'अमुक प्रकल्पाचे लेखक' हे बरोबर बसतं. ते लेखक कोण, हे गिटचा इतिहास किंवा ऑथर्स फाइल सांगते. नावापुढे ईमेल लिहू नका. पत्ते बदलतात, आणि शेकडो प्रतींमध्ये पसरलेला जुना पत्ता मागे घेता येत नाही.

'सर्व हक्क राखीव' हे शब्द नव्या फाइलीत नकोत. १९१० च्या ब्वेनोस आयरेस कराराखाली तसं लिहिण्याला अर्थ होता. त्या करारातले सगळे देश २००० पर्यंत बर्नमध्ये आले आणि तो अर्थ उरला नाही. शिवाय खाली मोकळा परवाना आणि वर 'सर्व हक्क राखीव' वाचून नवखा माणूस गोंधळतो. दुसऱ्याच्या ओळीत ते असेल तर मात्र तसंच ठेवा.

शब्द, कंसातलं सी आणि वर्तुळातलं चिन्ह या तिन्हींची एकत्र गरज नाही. शब्द एकटा पुरतो, आणि साध्या मजकुरात एन्कोडिंगची कटकटही टळते.

हेडर नव्याने बसवत असाल तर एसपीडीएक्सच्या (परवान्याची माहिती लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) खुणा वापरा: एका ओळीत परवान्याची ओळख, एका ओळीत कॉपीराइटचा मजकूर. युरोपातल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा रीयूज नावाचा संकेत यावरच उभा आहे. त्याचं साधन रेपोतली प्रत्येक फाइल तपासतं, आणि ज्या फाइलीत टिप्पणी लिहिताच येत नाही तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी 'लायसन्स' असलेली छोटी फाइल ठेवू देतं. प्रतिमांसाठी ही सोय फार उपयोगी आहे. एक खबरदारी घ्यावी लागते. हेडर जोडण्याची त्याची आज्ञा काही न सांगता चालवली, तर ती चालू साल घालते. २०१५ च्या फाइलींवर ती चालवताना साल स्वतःहून द्यावं लागतं, किंवा साल नको असल्याचा पर्याय वापरावा लागतो.

चौथी पायरी: जुना गोंधळ निस्तरताना

फाइलीचं पहिलं साल माहीत नसेल तर गिट लॉगमध्ये ती फाइल जोडली गेली ती कमिट शोधायची. नाव बदललेल्या फाइलींसाठी 'फॉलो' हा पर्याय लागतो, आणि तो एका वेळी एकाच फाइलीवर चालतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये फाइलींवर फेरा घालावा लागतो. तारीख घ्यायची ती लेखनाची. कमिटची तारीख रीबेस केल्यावर, म्हणजे कमिट नव्या पायावर पुन्हा बसवल्यावर, बदलते.

गिट जे सांगतं ते अंतिम सत्य मात्र नाही. प्रकल्प आधी सबव्हर्जन या जुन्या साधनात असेल आणि इतिहास न आणता गिटमध्ये टाकला असेल, तर सगळ्या फाइली एकाच दिवशी जन्मल्यासारख्या दिसतात. खासगी रेपो नंतर खुली केली असेल, तर पहिल्या प्रकाशनाचं साल खुलं केल्याचं असतं, पहिल्या कमिटचं नव्हे. आणि सगळ्यांत नेहमीची चूक फाइल फोडताना होते. मोठ्या फाइलीतली दहा फंक्शनं उचलून नव्या फाइलीत ठेवली, की गिटला ती फाइल नवीन वाटते आणि एडिटरचा टेम्प्लेट वर चालू साल घालून देतो. पण आतला कोड २०१२ चा असतो, कदाचित दुसऱ्याने लिहिलेला. कोड जिथे जाईल तिथे त्याची ओळ, साल आणि नाव यांच्यासह, बरोबर गेली पाहिजे. रिव्ह्यू करणाऱ्याने नवीन फाइल दिसली की हा एक प्रश्न विचारावा: यातलं खरोखर नवीन किती?

सीआयमध्ये (बदल आला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) गिटवरून साल काढणारं साधन चालवत असाल तर रेपोची प्रत उथळ, म्हणजे अपुऱ्या इतिहासाची, तर नाही ना ते तपासा. गिटहब ॲक्शन्सची चेकआउट पायरी मुळात एकच कमिट आणते. तेवढ्याच इतिहासावर साल काढलं तर प्रत्येक फाइल आजची ठरते, आणि साधन बिनतक्रार चुकीचं उत्तर देतं.

पाचवी पायरी: यंत्राकडे सोपवा, पण लगाम घालून

साल गोठवण्याचं धोरण असेल तर यंत्राला काम थोडंच: नव्या फाइलीत हेडर आहे का आणि त्यात साल आहे का, एवढं सीआयने पाहावं. जुन्या फाइलीतलं साल बदललं असेल तर तक्रार करावी. काही एडिटरांत कमिट करताना हेडरमधलं साल आपोआप चालू करण्याची सोय असते. ती बंद ठेवण्याची सूचना प्रकल्पाच्या सेटिंगमध्येच घालून ठेवा, नाहीतर एकाचा एडिटर बदलतो आणि दुसऱ्याचा बदलत नाही, अशी ओढाताण चालते.

दरवर्षी वाढवायचं असेल तर स्वतःची स्क्रिप्ट लिहिण्याआधी नूलिब या ग्नूच्या सामायिक कोडसंग्रहातली 'अपडेट कॉपीराइट' ही स्क्रिप्ट पाहा. सालांची यादी दोन ओळींत मोडलेली असली तरी ती ओळखते, पट्टे वापरायचे की नाही हे ठरवू देते, आणि मुख्य म्हणजे हक्कधारकाचं नाव जुळलं तरच ओळीला हात लावते. स्वतःच लिहायची ठरवली, तरी पुढचे लगाम सोडू नका.

नाव तंतोतंत जुळेल तीच ओळ बदलायची. 'कॉपीराइट शब्द आणि पुढे चार आकडे' एवढ्याच खुणेवर कधीही नाही. उचलून आणलेला कोड, चाचण्यांचे नमुने, तयार होणाऱ्या फाइली आणि परवान्यांचे मजकूर यांची वगळण्याची यादी आधी करायची. ओळींचे शेवट आणि फाइलीचं एन्कोडिंग जसं होतं तसं राहिलं पाहिजे: जुन्या लॅटिन एन्कोडिंगमधल्या फाइलीत लेखकाच्या नावातलं एखादं अक्षर बिघडलं, तर ते वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. या कमिटमध्ये दुसरा एकही बदल नको. कमिट झाल्यावर तिची ओळख ब्लेममधून (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञेतून) वगळायच्या कमिटांच्या फाइलीत नोंदवा. गिटच्या २.२३ या ऑगस्ट २०१९ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

वेळही पाहून निवडा. रिलीजच्या तोंडावर सगळ्या फाइली बदलल्या, तर वितरणं सांभाळणाऱ्यांचे पॅच बसत नाहीत आणि सगळा बिल्ड कॅश वाया जातो. स्थिर शाखांमध्ये हा बदल करायचा की नाही हेही आधी ठरवा. मुख्य शाखेत हेडर बदललं आणि जुन्या शाखेत नाही, तर दुरुस्त्या मागे नेताना क्वचित हेडरवरच अडतं. पोस्टग्रेस जुन्या शाखांमध्ये फक्त परवान्याची फाइल आणि दस्तऐवजातलं कायदेशीर पान बदलतो, बाकी कोडला हात लावत नाही. हा तोडगा मला नेमका वाटतो.

दुसऱ्याच्या ओळी

इथे धोरण वगैरे काही नसतं. दुसऱ्याची ओळ त्याच्या परवानगीशिवाय काढायची नाही, साल बदलायचं नाही, नाव 'दुरुस्त' करायचं नाही. एमआयटी, बीएसडी, अपाचे, जीपीएल या सगळ्यांच्या अटींत नोटिसा जपणं आहे, आणि अमेरिकेत अशी माहिती जाणूनबुजून काढणं हा वेगळा गुन्हा ठरू शकतो. मूळ प्रकल्प बंद पडला असेल, लेखक सापडत नसेल, तरीही.

फोर्क केला असेल, म्हणजे प्रकल्पाची प्रत घेऊन वेगळी वाट धरली असेल, तर जुनी ओळ जशीच्या तशी ठेवून तिच्याखाली आपली ओळ घाला, आणि तीही आपण खरोखर काही भर घातल्यावर. एखादा शब्द सुधारून आपलं नाव चढवणं योग्य नाही. ग्नूच्या सूचनांमध्ये साधारण १५ ओळींपर्यंतचा बदल कायद्याच्या दृष्टीने किरकोळ धरला आहे. तो काही सगळीकडचा कायदा नाही, पण मोजायला एक अंदाज मिळतो.

याच जागी आणखी एक गल्लत होते. जीपीएलची तिसरी आवृत्ती म्हणते की बदललेल्या कामावर ते बदलल्याची ठळक सूचना आणि संबंधित तारीख हवी. अपाचे परवानाही बदललेल्या फाइलींवर तशी सूचना मागतो. ही 'बदल केल्याची नोंद' कॉपीराइटच्या सालापेक्षा वेगळी आहे. साल पुढे सरकवून ती अट पूर्ण होत नाही, आणि साल गोठवलं म्हणून ती माफही होत नाही.

अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत काम करत असाल तर तिथली रीत निराळी आहे: सोर्स फाइलींच्या हेडरमध्ये कॉपीराइटची ओळच नसते, ती नोटिस फाइलीत एकदाच असते. त्यामुळे सालाची काळजीही त्या एका फाइलीपुरती उरते.

पडद्यावर दिसणारं साल

प्रोग्राम चालताना घड्याळ पाहून साल दाखवू नका. २०१९ ची आवृत्ती २०३० मध्ये चालवली तर ती स्वतःला २०३० ची म्हणवेल, आणि घड्याळ बिघडलेल्या यंत्रावर १९७० ची. बिल्डच्या वेळी साल भरणं त्यापेक्षा बरं, पण त्यातही एक मेख आहे: तोच कोड पुढच्या वर्षी बांधला तर वेगळी फाइल तयार होते आणि पुनरुत्पादनक्षम बिल्ड मोडतो. म्हणून बिल्डमध्ये तारीख लागलीच, तर ती 'सोर्स डेट एपॉक' या पर्यावरण चलातून घ्यावी. दस्तऐवज तयार करणारं स्फिंक्सही तो मानतं. सगळ्यांत साधं म्हणजे सालाचा एकच स्थिरांक ठेवायचा, दाखवायच्या सगळ्या जागांनी तो वाचायचा, आणि रिलीजच्या यादीत 'साल पाहिलं का' अशी एक ओळ घालायची.

लिहून ठेवा

धोरण डोक्यात राहिलं तर ती जानेवारीची पुल रिक्वेस्ट येतच राहणार, आणि पाठवणाऱ्याचा त्यात दोष नाही. त्याला मदतच करायची असते. काँट्रिब्यूटिंग फाइलीत (योगदानाच्या सूचनांच्या फाइलीत) पाच वाक्यं पुरतात. गोठवण्याच्या धोरणासाठी ती अशी असू शकतील:

'नव्या फाइलीत ती प्रकल्पात आली ते साल लिहा. जुन्या फाइलीतलं साल बदलू नका. ते पहिल्या प्रकाशनाचं आहे आणि तसंच राहील. दुसऱ्या हक्कधारकाच्या ओळींना हात लावू नका. कोड एका फाइलीतून दुसरीत हलवलात तर त्याची कॉपीराइटची ओळही सोबत न्या.'

यानंतर पुल रिक्वेस्ट आली की आभार मानून या परिच्छेदाचा दुवा द्यायचा आणि बंद करायची. साल बदलणारे बॉट रेपोमध्ये चालू असतील तर त्यांचं कॉन्फिगरेशनही याच दिवशी काढून टाका, कारण बॉट काँट्रिब्यूटिंग फाइल वाचत नाहीत.

प्रकल्प थांबवायचा झाला, रेपो केवळ वाचण्यापुरती ठेवायची झाली, तर सालाला हात लावू नका. शेवटची आवृत्ती ज्या वर्षी निघाली तेच तिचं साल, आणि दहा वर्षांनी तो कोड उचलू पाहणाऱ्याला नेमकं तेच कळायला हवं असतं.